राईच्या प्रश्नाची प्रत

"प्रश्न विरोधी बाकांवरून विचारतात, भाऊ! आपण आता सत्तेत आलोय, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" आमदार सरोजाताईंनी हातातला कागद टेबलावर टाकला.

सहादेव उभाच राहिला. भाईंदर पश्चिमेच्या या संपर्क कार्यालयात तो बारा वर्षं लेखनिक होता. अधिवेशन जवळ आलं की ताईंनी सह्या करून ठेवलेल्या कोऱ्या कागदांवर मतदारसंघाचे प्रश्न टाइप करायचे आणि विधानभवनात धाडायचे. हे काम हाताला इतकं बसलं होतं, की निवडणूक झाली, भरभक्कम बहुमत आलं, ताईंच्या गळ्यातले हार सुकले, तरी हात आपल्या जुन्याच वळणावर. पहिल्याच अधिवेशनाला त्याने राई गावचा प्रश्न पाठवून दिला: खाडीकाठी मासळी सुकवण्याच्या जागेवर वाहनतळ होणार, हे खरे आहे काय? असल्यास, तेथील कुटुंबांची काय व्यवस्था केली? प्रश्न नेमका स्वीकारला गेला. म्हणजे आता भर सभागृहात ताई आपल्याच मंत्र्यांना कोंडीत पकडणार. पक्षाच्या प्रतोदांचा फोन सकाळी सातलाच येऊन गेला होता.

"पण ताई, आपण शब्द दिलाय त्यांना. तुम्ही चटईवर बसून जेवलात तिथे."

"कुठे बसले ते माहितीय मला." ताईंचा आवाज खाली आला. बाई वाईट नव्हत्या. सहादेवने ते कुणालाही छातीठोक सांगितलं असतं. "ऐका. शांती नगरच्या पाइपलाइनची फाइल त्याच मंत्र्यांच्या टेबलावर पडलीय. या आठवड्यात सही होतेय. हजारो घरं आहेत तिथे. राईतली किती? चाळीस? तुम्हीच सांगा, मी काय करू?"

सहादेव स्वतः शांती नगरात राहत होता. एक दिवसाआड टँकर यायचा आणि त्याची बायको वासंती दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने बादल्या चढवायची. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे आपलीच माणसं.

"प्रश्न मागे घेतल्याचं पत्र टाइप करा. सही केलेला कागद आहेच तुमच्याकडे," ताई पर्स उचलत म्हणाल्या. दारात थांबून त्यांनी मागे पाहिलं. "आणि याची प्रत कुणाला द्यायची नाही. राईचं मी नंतर बघते."

खरी अडचण तीच होती. माणसाच्या कामाचा जो कागद बाहेर जाईल, त्याची शिक्का मारलेली प्रत त्या माणसाच्या हातात गेलीच पाहिजे, हा शिरस्ता या कार्यालयात सहादेवनेच पाडला होता. त्याचे वडील परभणीहून आले आणि जन्मभर अर्ज करत राहिले. हातात प्रत नाही म्हणून प्रत्येक साहेबाने त्यांना "कुठला अर्ज?" असं विचारून वाटेला लावलं. राईच्या अंबिकामावशींना प्रश्नाची प्रत त्यानेच दिली होती. त्यांनी ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून देवघराशेजारी टांगली होती.

पत्र चार ओळींचं झालं. 'जनहितार्थ' हा शब्द ताईंनी सांगितला नव्हता. तोही सवयीनेच पडला. पत्र गेलं. मग सहादेवने दुसरी प्रत काढली, तिच्यावर जावक क्रमांक घातला आणि शिक्का उमटवला. ताईंना कळलं तर या वयात नोकरी जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात वासंतीचा फोन आला.

"अहो, पाइपलाइनचं नक्की झालं म्हणतात. खरं का?"

"होईल असं दिसतंय."

"सुटले बाई एकदाची!" तिच्या आवाजातला आनंद ऐकून त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

राईला अंबिकामावशी खाडीकाठी जवळा सुकायला पसरत होत्या. त्याला पाहून कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "ये सायबा! कवा हाय आमचा सवाल? पोरी म्हनतात, मोबाइलवर दिसंल."

"सवाल येणार नाही, मावशी. मागे घेतला."

"कोनी?"

"ताईंनी. टाइप मी केलं."

मावशींनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत त्याच्यापुढे धरला. "वाच."

त्याने वाचलं. शेवटची ओळ भरभर उरकली.

"जनहितार्थ म्हंजी काय रं?"

"लोकांच्या भल्यासाठी."

"कंच्या लोकांच्या?"

"शांती नगरच्या. पाणी येणारे तिथे."

"तू तिथंच ऱ्हातोस ना?"

"हो."

मावशींनी शिव्या दिल्या असत्या तर सहादेवला बरं वाटलं असतं. त्या घरात गेल्या. दारातून त्याला दिसलं, त्यांनी टांगलेलं पाकीट काढलं, नवा कागद जुन्याच्या मागे सरकवला आणि पाकीट होतं तिथेच अडकवलं.

"शिक्का हाय ना त्याच्यावर?" त्यांनी आतूनच विचारलं.

"आहे."

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांब्या होता. "घे. उनातून आलास."

सहादेवने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. मावशी वाकून पुन्हा जवळा पसरू लागल्या. पाणी गार होतं, काठोकाठ होतं, आणि तो ते ओठांपर्यंत नेऊ शकत नव्हता.