सतरा नंबरची फाइल

कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसात असते, हे बाईंना त्या दुपारी कळलं. म्हणजे मॅनेजरसाहेबांनी ती कपाटाला लावली तेव्हाच.

बाई बटणांच्या कारखान्यात काउन्सेलर होत्या. पूर्वी खोके ठेवायचे त्या खोलीत दोन खुर्च्या, एक कपाट आणि आलेल्या प्रत्येकाला दिलेला शब्द, एवढाच त्यांचा पसारा: इथलं बोलणं इथून बाहेर जाणार नाही. फाइलींवर नावं नव्हती, नुसते नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती वही बाईंच्या घरी.

आज मालकही आले होते. ते मॅनेजरचे सासरे. कारखान्यातला एक माणूस कमी करायचा होता, आणि जावईबापूंनी सोपी युक्ती काढली होती. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला काढा. यादी बाईंकडे आयती आहे.

बाईंनी सांगून पाहिलं. हे कागद ज्याचे त्याचे, त्याच्या परवानगीशिवाय बघता येत नाहीत, तसं लेखी दिलंय, खाली कारखान्याचा शिक्का आहे. मालक म्हणाले, शिक्का आपला म्हणजे कागदही आपलेच.

मॅनेजरने फाइलींवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांत जाडजूड ती उपसली. सतरा नंबर.

सतरा नंबर म्हणजे दर मंगळवारी चार वाजता मागच्या जिन्याने येणारे खुद्द मॅनेजरसाहेब. आपलीही फाइल यात असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

'ती नको' म्हणावं तर दोघेही कान टवकारणार. 'ती तुमचीच' म्हणावं तर सासऱ्यासमोर जावयाचं बिंग फुटणार.

"कुठलीही असो, खाली ठेवा," बाई म्हणाल्या.

त्याने उघडली आणि मोठ्याने वाचायला लागला. मीटिंगच्या आधी याच्या पोटात कालवतं. घरातल्या मोठ्या माणसाचा फोन आला की हा खुर्चीतून उठून बोलतो.

मालक पोट धरून हसले. "फोनवर उभा राहतो? माणूस आहे का गोगलगाय?"

जावईही हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आपलंच गाऱ्हाणं दुसऱ्याच्या अक्षरात त्याला ओळखूच येईना. बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"काढा याला," मालक म्हणाले. "बाई, नाव?"

"सांगणार नाही."

"मग उद्यापासून घरी बसा."

"बसेन. पण नाव मिळणार नाही."

मालकांनी हातानेच जावयाला पुढे वाचायची खूण केली. तो वाचत गेला: रोज सकाळी बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडायचा. आरशात बघून दहा वेळा 'नाही' म्हणायचं. बायकोने विचारलंच तर गुळण्या करतोय असं...

तिथे तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा म्हणजे नुसती भिंत, पापणीसुद्धा हलली नाही.

"गुळण्या?" मालक सावकाश म्हणाले. "आमची मुलगी सांगत होती, तुम्हीही हल्ली सकाळी फार वेळ गुळण्या करता."

मॅनेजरने तळवा त्या पानावर ठेवला.

"वाचा की पुढे, जावईबापू."

मॅनेजरने फाइल मिटली. ओठ दोनदा हलले, आवाज तिसऱ्यांदा फुटला, तोही चिरका. "नाही."

"काय?"

"नाही वाचणार. ही नाही, आणि दुसरीही नाही."

मालकांनी किल्लीसाठी हात पुढे केला. त्या हाताकडे बघत जावयाने ती बाईंच्या टेबलावर ठेवली.

मालक दाराशी जाऊन, मागे न वळता म्हणाले, "बाई, उद्या वेळेवर या. आणि तुम्ही घसा सांभाळा, जावईबापू."

ते गेल्यावर मॅनेजर धपकन खुर्चीत बसला. "बाई," तो कुजबुजला, "नळ न सोडता म्हटलं मी."

दार सताड उघडं होतं आणि बाहेर टायपिस्टचं टकटक थांबलं होतं. बाईंनी फाइल कपाटात ठेवली, दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या.

"कशाबद्दल बोलताय, साहेब, कळलं नाही," त्या टायपिस्टला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "काही बोलायचं असेल तर मंगळवारी चारला खोली उघडी असते. कुणालाही."