गाबोळी नसलेली आई

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. धार लावून लावून माझं पातं आता बोटाएवढंच रुंद उरलं आहे, पण त्याची मला लाज नाही, अभिमानच आहे. माझी लाकडी मूठ हालडिसच्या तळहाताला घट्ट बसते. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, बोत्सफियोर्डच्या धक्क्यावर, आम्ही दोघींनी बावीस हिवाळे कॉड मासे साफ केले. कॉडच्या पोटातलं मला जेवढं कळतं, तेवढं तिथे कुणालाच कळत नव्हतं.

मग एक हिवाळा मी खुंटीलाच टांगून राहिले. हालडिसचा नवरा अंथरुणाला खिळला होता आणि ती त्याच्या उशाशी होती. तो गेला. पुढच्या हिवाळ्यात ती कामावर परतली, तर मुकादम आर्नुल्फ नवा होता. त्याने गेल्या वर्षीची यादी पाहिली, तीत तिचं नाव नव्हतं, आणि त्याने तिला नवख्या पोरींच्या टेबलावर उभं केलं. खिडकीजवळची तिची जागा गेली. तिने एप्रन बांधला आणि मला हातात घेतलं. मला मात्र ते फार झोंबलं.

मार्चमध्ये संशोधन केंद्रातून तुवा नावाची मुलगी आली. अंडी घालणाऱ्या माद्या किती, याची ती नोंद करत होती. मी एका थोरल्या मादीचं पोट उघडलं. आत अंड्यांनी भरलेली गाबोळी नव्हती, नुसती लहानशी गुलाबी पिशवी होती. काळीजही सुकलेलं.

"अजून वयात आलेली नाही," म्हणत तुवा लिहू लागली.

हालडिसने माझं टोक पिशवीवर टेकवलं. कोवळ्या मादीची पिशवी मी टेकताच फाटते. ही चिवट लागली.

"थांब पोरी. हिने आधी अंडी घातलीयेत. यंदा अंगात त्राण नव्हतं, म्हणून खाडा केलाय."

"घ्या! आता नवख्यांच्या टेबलावरून आम्ही मासे शिकायचे," आर्नुल्फ म्हणाला. "गाबोळी नाही म्हणजे नाही."

"बाळंतपण झालेलं पोट नि न झालेलं पोट तुम्हाला सारखंच दिसणार, मुकादम. त्यात तुमचा काय दोष?"

पोरी फिदीफिदी हसल्या. तुवा हसली नाही. तिने पिशवीचा तुकडा बाटलीत घालून नेला.

आठ दिवसांनी ती परत आली आणि सरळ आमच्या टेबलाशी उभी राहिली.

"हालडिस, तुमचं खरं निघालं. सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या अंड्यांच्या खुणा दिसल्या. अशा किती आया मी कोवळ्या म्हणून लिहून बसलेय, कोण जाणे. सगळं पुन्हा तपासावं लागणार. किती वर्षं करताय हे काम?"

"हा तेविसावा हिवाळा. मधला एक चुकला."

आर्नुल्फने भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं, मग हालडिसकडे. तिचा रबरी एप्रन उचलून त्याने स्वतः खिडकीजवळच्या खुंटीला अडकवला.

"तिथे उभ्या राहा," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि ती पिशवी कशी ओळखायची, ते मलाही दाखवा."

मित्रांनो, सुरी वापरून झाली की धुऊन कोरडी पुसून ठेवा, एवढंच माझं मागणं. आणि कुणाचं एखादं वर्ष कोरं दिसलं, तर तिला नवखी म्हणण्याआधी जरा नीट बघा. त्या थोरल्या मादीची नोंद आता तुवाच्या वहीत आयांच्या रकान्यात आहे. ती तिथे माझ्या टोकाने नेली.