डोअरकीपरचा अख्खा सिनेमा

मुक्ताबाईंनी पर्समधून पत्र्याची एक अरुंद पट्टी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"या मापाचं पाहिजे."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला आणि पट्टी उलटसुलट करून पाहिली. कॉम्प्युटरच्या डब्याला मागे फट असते, तिच्यावर बसवलेली असते ती. पैठण गेटच्या बाजारात त्याने हरतऱ्हेचं गिऱ्हाईक पाहिलं होतं. पण ग्राफिक्स कार्ड घ्यायला माप घेऊन आलेली साठीची बाई काही पाहिली नव्हती. त्याने बाईंच्या मागे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाकडे, अभयकडे, नजर टाकली. अभय मोबाइलमध्ये बघत होता.

"नमुना घेतल्याबिगर मी बाजारात येत नाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

यात फुशारकी नव्हती. पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत बसून बावीस उन्हाळे त्यांनी कूलरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून दिल्या होत्या. तार आणायची तर जुन्या तारेचा तुकडा न्यायचा, बेअरिंग आणायचं तर जुनं बेअरिंग न्यायचं. तोंडी माप सांगणाऱ्याला दोन हेलपाटे पडतात, हे त्या पहिल्याच उन्हाळ्यात शिकल्या होत्या.

दुकानदाराने एक मोठा खोका पुढे सरकवला. "मावशी, हे लेव. दोन फॅन हाय. एकदम कडक माल. गेम बी चालते."

"गेम कोण खेळतंय? मालक सदुसष्ट वर्षांचे हायेत." मुक्ताबाईंनी पट्टी खोक्यावरच्या चित्राशेजारी धरली. "हे आमच्या डब्यात मावत नाय. डबा बुटका हाय, ऑफिसातून निघालेला. अन् याला वरून येगळी वायर लागती. आमच्या डब्यावर दोनशे चाळीस वॅट लिहिलंय. त्याच्यावर जास्ती लोड टाकला तर काय व्हतं, ते मला ठाऊक हाय."

दुकानदाराने चष्मा पुन्हा नाकावर आणला.

"आई, मी कालपण सांगितलं," अभय कंटाळून म्हणाला. "टीव्हीला मागून सिनेमे दाखवणारी एक कांडी लावू, विषय संपला. त्या भंगार डब्यात कशाला पैसे घालायलीस? बाबांना आता काय कळतंय? अर्ध्यातच झोपतात."

मुक्ताबाई वळल्या. राग आला की त्यांचा आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा.

"अर्ध्यात पिच्चर अटकतो, म्हणून झोपतात. त्यांना सगळं कळतंय. पुन्यांदा असं बोलायचं नाय."

अभयने मोबाइल खिशात ठेवला.

मुक्ताबाईंचे मालक, कडुबा, अठ्ठावीस वर्षं टॉकीजवर डोअरकीपर होते. सुरुवातीची वीस मिनिटं तिकिटं फाडण्यात आणि उशिरा आलेल्यांना बॅटरी मारून खुर्च्या दाखवण्यात जायची. शेवटची पाच मिनिटं पडद्याकडे पाठ करून दारांच्या कड्या काढण्यात जायची. उरला मधला भाग, तोही उभ्याने. घरी येऊन ते जेवताना रंगवून गोष्ट सांगायचे. मुक्ताबाई विचारायच्या, "मग शेवटी काय झालं?" कडुबा भाकरी मोडत म्हणायचे, "लोकं बाहेर निघाले."

टॉकीज बंद पडली. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू नेली आणि जिभेचा निम्मा ताबाही नेला. मग मुलीने, मेघाने, बाप दारावर असताना टॉकीजला लागलेले एकेचाळीस सिनेमे शोधून डिस्कवर भरून दिले. चित्र झकास होतं, पण जुन्या कॉम्प्युटरला ते झेपेना. आवाज पुढे जायचा, चित्र मागे अडकायचं. तिसऱ्यांदा अडकलं की कडुबा डोळे मिटून घ्यायचे. अख्खी नोकरी तुकड्यांत गेली आणि आता घरच्या खुर्चीवर बसूनही तुकडेच बघायचे, हे मुक्ताबाईंना काही केल्या सहन होईना.

दुकानदाराने दुसरं कार्ड काढलं. छोटं होतं, पट्टीला बरोबर बसलं. वर बोटभर पंखा होता.

"चालू करा."

त्याने आपल्या मशीनला लावून चालू केलं. मुक्ताबाईंनी कान जवळ नेला आणि मान हलवली. "पंख्याचा बुश ढिला हाय. उन्हाळ्यात करकरंल. त्यांना आधीच कमी ऐकू येतं."

"मावशी, आवाज किधर आ रहा है?"

"मला येतोय."

शेवटी फळीच्या मागून तिसरं निघालं. त्याला पंखाच नव्हता, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पात्या होत्या. मुक्ताबाईंनी पट्टी लावून पाहिली आणि पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"यात पिच्चर हाय. तिसऱ्या मिनिटाला अटकतो. लावा."

तिघेही उभे राहून बघत राहिले. तिसरं मिनिट गेलं. चौथंही गेलं.

"तुम्ही कुठं कामाला आहात?" दुकानदाराने विचारलं.

"घरीच," मुक्ताबाई म्हणाल्या. "बिलावर गॅरंटीचा शिक्का मारा."

रविवारी बरोबर तीनला, मॅटिनीच्या वेळेला, सिनेमा लागला. कार्ड अभयनेच बसवलं आणि तोही जमिनीवर बसला. खोलीत सिनेमाशिवाय कसलाही आवाज नव्हता. कडुबांनी डोळे मिटले नाहीत.

कोर्टातला शेवटचा प्रसंग सुरू झाला आणि कडुबांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला. ते उठायला लागले. नजर दाराकडे होती.

"बाबा, कुठं चाललात?"

"दार," कडुबा कष्टाने म्हणाले. "लोकं... सुटतील."

अभयने आईकडे पाहिलं. मी म्हणत होतो ना, असं ते बघणं होतं. मुक्ताबाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि कडीवर हात ठेवून पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"तुम्ही बसा. दारावर मी हाय."

कडुबा थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग सावकाश खुर्चीत टेकले.

मुक्ताबाईंना नुसतं ऐकू येत होतं. कोणीतरी रडलं, कोणीतरी हाक मारली, मग वाद्यं वाजली आणि थांबली. त्यांनी कडी काढली, दार सताड उघडलं. उन्हाचा पट्टा कडुबांच्या पायापर्यंत आला.

"मग," त्यांनी वळून विचारलं, "शेवटी काय झालं?"

कडुबांनी जीभ जुळवायला बराच वेळ घेतला. डाव्या हाताने शेजारची खुर्ची दाखवली.

"बस," ते म्हणाले. "सांगतो."