दोनशे चौतीस व्होल्ट

तिने व्होल्ट मोजायच्या मीटरची लाल पिन जुन्या फ्लॅशच्या बुडाशी असलेल्या मधल्या ठिपक्यावर टेकवली आणि काळी पिन कडेच्या पत्र्यावर.

“बटण दाबा, बाबा.”

वडिलांनी दाबले. फ्लॅशच्या पोटातून बारीक शीळ उठली. मीटरवर आकडे चढू लागले : अकरा, चोवीस, अडतीस.

“अडतीस. झालं समाधान?”

“तांबडा दिवा लागू दे. पूर्ण भरायच्या आत मोजलं तर त्याला काही अर्थ नाही.”

“नोकरी सोडलीस, पण प्रयोगशाळा काही सुटली नाही.”

पाचच मिनिटांपूर्वी त्यांनी हा फ्लॅश तिच्या डिजिटल कॅमेऱ्यावर सरकवायला घेतला होता आणि तिने त्यांचे मनगट धरले होते. वडिलांचे मनगट असे तिने यापूर्वी कधी धरले नव्हते.

उद्या सकाळी एका वाचनालयाच्या लांबट, काळोख्या दालनात चाळीस कर्मचाऱ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. तिच्या छोट्या फ्लॅशचा उजेड तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत नसे. मागच्या महिन्यात एका कारखान्याच्या फोटोत शेवटची रांग काळी पडली होती आणि त्या रांगेतल्या एका फिटरने शांतपणे विचारले होते, “यात मी कुठला?” तिला सांगता आले नव्हते. दालनाला पुरेल असा दिवा घरात हाच एक होता, वडिलांच्या बंद झालेल्या स्टुडिओतून आलेला. खरे तर दिव्याबरोबर वडीलही यावेत असे तिला वाटत होते. दोनदा विचारून झाले होते. “मी येऊन काय करू? पिशवी सांभाळू?” एवढेच उत्तर दोन्ही वेळा मिळाले होते.

तांबडा दिवा लागला. आकडा दोनशे चौतीसवर स्थिरावला.

वडिलांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “तीस वर्षं चढवला मी हा कॅमेऱ्यावर. एकदाही काही झालं नाही.”

“तुमच्या कॅमेऱ्यात पत्र्याला पत्रा टेकायचा, त्याला काय होणार? या डिजिटलच्या आत नखाएवढी इलेक्ट्रॉनिक चकती आहे, जास्त व्होल्ट शिरले तर जळू शकते. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय, सहा व्होल्टच्या वर नको.” ती थांबली. “कदाचित काही होणारही नाही. पण त्या कदाचितसाठी माझा एकुलता एक कॅमेरा पणाला लावू का?”

ते फ्लॅश त्याच्या फडक्यात गुंडाळू लागले. “म्हणजे जुन्याने लांबच राहायचं.”

“असं कोण म्हणालं?”

“तुझा मीटर.”

फडक्याची गाठ मारता मारता त्यांचा हात थांबला. ते आतल्या खोलीत गेले. खण ओढल्याचे, ढकलल्याचे आवाज आले. परतले तेव्हा तळहातावर काडेपेटीहून लहान, काचेचे भिंग असलेली एक डबी होती.

“डोळा. दुसरा दिवा भिंतीकडे ठेवला की त्याला हा जोडायचो. समोर दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पडला की हा आपल्या दिव्याला उडवतो, त्याच क्षणी चमकवतो. मध्ये वायर नाही, काही नाही.”

तिने डबी उलटसुलट करून पाहिली. सारे व्होल्ट डोळा आणि फ्लॅश यांच्यातच राहणार. कॅमेऱ्याकडून निघणार तो फक्त उजेड. हे आपल्याला सुचायला हवे होते, अशी तिने मनातल्या मनात प्रामाणिक नोंद केली.

डोळा जोडून जुना फ्लॅश कपाटावर ठेवला, तिचा छोटा कॅमेऱ्यावर. वडील खुर्चीत बसले. तिने फोटो काढला. दोन्ही दिवे चमकले, पण फोटोत वडिलांमागची खोली अंधारात. पुन्हा काढला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.

“डोळा मंद झालाय बहुतेक. उशिरा बघतोय.”

“लवकर बघतोय,” वडील म्हणाले. “तुझा दिवा दोनदा लागतो.”

“एकदाच लागतो, बाबा.”

“दोनदा. आधी बारीक, मग मोठा. माझा त्या बारक्यालाच उडून मोकळा होतो.”

ती पुरावा मागणार, तेवढ्यात तिला आठवले. उजेडाचा अंदाज घ्यायला कॅमेरा आधी एक फिकी चमक सोडतो, हे तिने वाचले होते. फोटोच्या धंद्यातल्या दोन वर्षांत स्वतः मात्र एकदाही पाहिले नव्हते. वडिलांची स्टुडिओतली चाळीस वर्षे, फोटो काढताना कोणी पापणी मिटली का, हे बघण्यात गेली होती.

तिने ती चमक बंद केली, फ्लॅशचा जोर स्वतः ठरवून दिला आणि बटण दाबले.

या वेळी खोली भरून उजेड झाला. फोटोत वडिलांच्या मागचा पडदा, त्याच्याही मागे दारातल्या चपलांच्या जोड्या, सगळे मोजून घ्यावे इतके स्पष्ट होते. वडील तेवढे कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. ते कपाटावरच्या फ्लॅशकडे बघत होते.

तिने कागदाची पट्टी कापली, त्यावर लिहिले, ‘२३४ व्होल्ट. कॅमेऱ्यावर चढवू नये’, फ्लॅशच्या बुडाशी चिकटवली आणि ती चहा टाकायला गेली.

कप घेऊन आली तेव्हा वडील खिडकीशी वर्तमानपत्र उघडून बसले होते. पट्टीवर तिच्या अक्षराखाली, स्टुडिओच्या पाकिटांवर असायचे त्या वडिलांच्या तिरप्या अक्षरात, आणखी एक ओळ होती : ‘बाजूला उंच धरावा. सोबत माणूस लागतो.’

तिने कप त्यांच्याजवळ ठेवला. मग उद्यासाठी भरलेल्या पिशवीतून फ्लॅश उंच धरायचा स्टँड बाहेर काढला आणि घरीच राहावा म्हणून दाराआड उभा करून ठेवला.