ओली फरशी

"हे काय आहे?" बाबांनी कागद माझ्या नाकासमोर धरला.

"फरशी."

"हा कागद आहे."

"फरशीचं चित्र छापलेला कागद. चिकटवला की झाली फरशी. सगळे हेच करतात."

"सगळे गेले खड्ड्यात," बाबा म्हणाले आणि टेबलाला धरून खुर्चीत बसले. गुडघे कटकन वाजले.

मी त्यांच्या हातातून कागद घेऊन बाजूला ठेवला. रागाने नव्हे. आई गेल्यापासून आठ महिन्यांत ते इतकं बोललेच नव्हते.

मी बाहुल्यांच्या खोल्या सजवते. ज्यांच्याकडे स्वतःच्या खोल्या मुबलक असतात, त्यांच्या पोरींना या खोल्या लागतात. ही खोली एका बंगलेवाल्या बाईंच्या नातीसाठी होती. लांबीला हातभर, वर छप्पर नाही. भिंतींना फुलांचा कागद, खिडकीला पडदा, एक पलंग, एक दिवा, आणि खाली काळी-पांढरी फरशी. "अगदी आमच्या हॉलसारखी," बाईंनी बजावून सांगितलं होतं.

माझ्या बापाने चौतीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या घातल्या. गुडघे झिजले तेव्हा डॉक्टर म्हणाले, यापुढे जमिनीवर बसायचं नाही. फरशीवाल्याला हे सांगितल्यावर त्याचं उरतं काय, ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही. मग आई गेली, आणि बाबांनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. सकाळी बसले की जेवायला हाक मारेपर्यंत भिंत बघायचे. आमच्या स्वतःच्या खोलीत, खरं सांगायचं तर, अजून खडबडीत सिमेंटच आहे. भाड्याच्या जागेत कोण घालतो फरशी?

"अहो बाबा, बाहुलीच्या घरात कोण चालणार आहे?" मी म्हटलं.

"कुणीतरी राहणार ना?"

मी फर्निचरवर चिकटवतात त्या लॅमिनेटच्या नमुन्यांच्या पट्ट्या काढल्या, एक काळी, एक पांढरी, आणि नखाएवढे चौकोन कापायला बसले. बाबा एकेक उचलून उजेडात धरत होते. कोपरा जरा चुकला की बाजूला.

"भिंतीचा कागद आधीच लावलास?"

"हो."

"आधी भिंत आणि मग फरशी? कुठल्या गाढवाने शिकवलं तुला?"

"माझी मीच शिकले."

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी भिंती रद्दीच्या तुकड्यांनी झाकून घेतल्या. दोन दोरे ताणून खोलीचा मध्य काढला. पांढरं सिमेंट कालवायला मला बसवलं. डिंक वापरायला साफ नकार. मग माझ्या भुवया कोरायच्या चिमट्याने त्यांनी खिडकीखालच्या भिंतीपासून पहिला चौकोन बसवला. कोपरं टेबलावर टेकवून, कड दोऱ्याशी जुळवत.

"खुर्चीत बसून फरशी घालतोय," ते म्हणाले. "साहेबच झालो की मी."

प्रत्येक तुकड्यावर सुईच्या मागच्या टोकाने टकटक करून ते कान लावायचे. खालून पोकळ राहिली की फरशी वेगळी वाजते. नखाएवढा तुकडा काय वाजणार, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी एक उचकटून काढला, खाली सिमेंट भरलं आणि पुन्हा बसवला. मला दोन्ही वेळा एकच आवाज आला.

"दारातून फरश्या अख्ख्या दिसल्या पाहिजेत. कापलेले तुकडे पलंगाखाली."

"पण छप्पर कुठंय? वरूनच बघणार सगळे."

"मालक बघतो वरून. राहणारा दारातून बघतो."

फरशीवाला आतल्या भिंतीपासून सुरू करतो आणि मागे सरकत सरकत दाराबाहेर निघतो. ओल्या फरशीवर त्याला स्वतःलाही पाय ठेवता येत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला बाबा असेच सरकत दारापाशी आले आणि चिमटा खाली ठेवला. एक चौकोन उरला होता.

"काय झालं?"

"ही तुझी आई बसवायची."

मला माहीत होतं. दिवसभर बाबांच्या हाताखाली सिमेंटचा माल कालवून, डोक्यावरून फरश्या वाहून झाल्या की शेवटची आई बसवायची. बाहेर उभी राहून, वाकून. मग दाराला गुडघ्याच्या उंचीवर आडवी दोरी बांधायची आणि तिला एक फडकं लटकवायची. आज कुणी पाय ठेवायचा नाही. मालक असो की मालकीणबाई, एक दिवस बाहेर. उभ्या आयुष्यात आईने दुसऱ्यावर गाजवलेला हुकूम तेवढाच.

आणि दुसऱ्या दिवशी? एकदा ती एका घरात विसरलेली थापी आणायला गेली. मी सोबत होते, नऊ वर्षांची. दोरी सुटली होती. घरातली बाई म्हणाली, "आत नको येऊस गं, फरशी खराब होईल. तिथूनच सांग, मी आणून देते." आईने ही गोष्ट घरी हसत हसत सांगितली. बाबाही हसले. मला तेव्हा हसू आलं नाही आणि आजही येत नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत जी फरशी आईच्या डोक्यावर होती, ती आईच्या पायांनी खराब होणार होती!

मी चिमटा उचलला. शेवटचा चौकोन दारात बसवला. बाबांनी सुई वाजवली, कान लावला.

"बसली," ते म्हणाले.

मग पडद्यातून उरलेला लाल दोरा त्यांनी त्या इवल्याशा दाराला आडवा बांधला आणि त्यावर चिंधीचा तुकडा अडकवला.

चार वाजता बाई आल्या. "अय्या, हुबेहूब!" म्हणत त्यांनी पर्समधून बाहुली काढली आणि वरून खोलीत उभी करायला हात घातला.

"आज नाही," बाबा म्हणाले.

"काय?"

"फरशी ओली आहे. उद्या सकाळी."

बाई हसल्या. "अहो आजोबा, बाहुलीच्या घरात कोण चालणार आहे?"

माझंच वाक्य. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि कानशिलं तापली. बाबा खाली बघायला लागले. आयुष्यभर मालकांसमोर बघत आले तसेच. त्यांचा हात खुर्चीवर गेला, आणि मला दिसलं की आता ते ती पुन्हा भिंतीकडे फिरवणार.

"तू सांग गं यांना," बाई मला म्हणाल्या. "मला आजच हवंय. सकाळी वाढदिवस आहे."

माझ्याकडे येणारं प्रत्येक काम या बाईंच्या ओळखीतून येतं. खोली आज दिली असती तर एखादा सांधा केसभर सरकला असता, तोही कुणाला दिसला नसता.

"उद्या आठला मी घरी आणून देते," मी म्हणाले. "आज कुणी पाय ठेवायचा नाही."

"अगं, ती बाहुली आहे!"

"बाहुलीनेसुद्धा नाही."

बाईंनी बाहुली पर्समध्ये कोंबली. "आठ म्हणजे आठ. आणि पुढचं काम मी दुसरीकडे देईन, आधीच सांगून ठेवते." त्या गेल्या.

"घालवलंस ना गिऱ्हाईक?" बाबा म्हणाले. पण खुर्ची टेबलाकडेच होती. संध्याकाळभर ते तिच्यात बसून ओल्या फरशीवरच्या माश्या हाकत राहिले.

सकाळी मी खोकं घेऊन आले तेव्हा ते दोऱ्याची गाठ सोडत होते. रद्दी काढलेली, पलंग जागेवर, पडदा सरळ केलेला. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं दारात उभी केली. क्षणभर तिथंच थांबले. मग बोटं आत गेली, एक पुढे, एक मागे, काळ्या चौकोनावरून पांढऱ्यावर, सावकाश, थेट खिडकीपर्यंत. तिथं पडद्याशी जरा वेळ उभी राहिली आणि आली तशीच दारातून बाहेर आली.

बोटांना कालच्या सिमेंटची भुकटी होती. फरशीवर पुसट ठसे उठले. बाबांनी सवयीने खिशातून फडकं काढलं, खोलीपर्यंत नेलं, घडी घातली आणि परत खिशात ठेवलं.

मी खोली तशीच खोक्यात ठेवली आणि निघाले.