खंडेनवमीला हुकलेला धडा

मी एक जुना रंधा आहे. लाकूड तासून गुळगुळीत करणं हे माझं काम, आणि ते माझ्याइतकं झकास कुणाला जमत नाही. स्वतःचं कौतुक स्वतःच करतो म्हणून हसू नका, माझं काम बघा. चांदवडच्या जयराम मिस्त्रींनी मला बाभळीच्या ओंडक्यातून घडवलं. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी मला पिंपळगाव बसवंतच्या नाथाच्या हाती सोपवलं.

मित्रांनो, नाथा द्राक्षांची लाकडी खोकी ठोकायचा. खोक्याला रंधा कशाला लागतो? फळी कापली, खिळे मारले, झालं काम! मी खुंटीला टांगलेला राहिलो. मग पुठ्ठ्याची खोकी आली आणि नाथाचा हातोडाही बेकार झाला. कोल्ड स्टोरेजमध्ये हमालीला जायचं त्यानं ठरवलं. त्याची पाठ आधीच दुखरी होती. बायको कुसाबाई आडवी आली.

"अवं, टीव्हीवर दर रविवारी सुतारकाम दाखवत्यात. ते शिकू. पाठ गेली तर परत येणार हाय का?"

तेव्हापासून रविवारी सकाळी टीव्ही आमच्या कामाच्या शेडच्या दारात यायचा. पडद्यावरचे मिस्त्री करवत चालवायचे, की नाथाही चालवायचा. ते रंधा मारायचे, की कुसाबाई मला फळीवर पळवायची. बघताना हातात हत्यार हवंच, असा तिचा दंडक होता. पाट झाले, स्टुलं झाली, खिडकीच्या चौकटी झाल्या. शेजारी वाहवा करायचे. पडद्यावरच्या रंध्यापेक्षा मी लाकडाचा पापुद्रा पातळ काढायचो, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

पुढे टीव्हीवर मालिकांचा पूर आला. आमचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा पाव तास झाला, मधूनच गायब होऊ लागला. त्याच सुमारास येवल्याचे पैठणीवाले धोंडीराम आले. त्यांना साड्या ठेवायला सरकत्या खणांचं, म्हणजे ड्रॉवरचं, कपाट हवं होतं.

"खण सुरळीत सरकले, तर नव्या दुकानाचं सगळं काम तुमचंच," ते म्हणाले.

खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्यांचे दाते एकमेकांत अडकवायचे असतात. नाथाला ते येत नव्हतं. पण येत्या रविवारी टीव्हीवर नेमका तोच धडा होता! आणि नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी आली. आम्हा हत्यारांना आंघोळ, हळदकुंकू, झेंडूची फुलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. दोघं हाताची घडी घालून धडा बघत बसले.

"पुढच्या रविवारी करून बघू," नाथा म्हणाला.

पुढच्या रविवारी त्या वेळेला नाचाचा कार्यक्रम लागला. त्याच्या पुढच्याही रविवारी नाचच. आमचा कार्यक्रम बंद झाला होता, निरोपसुद्धा न घेता. मला फार राग आला, आणि वाईटही तितकंच वाटलं.

नाथानं आठवेल तसे दाते मापून कापले. एक खण ढिला झाला, दुसरा चिरला. "जातो हमालीलाच," म्हणत तो उठला. कुसाबाई चिरलेली फळी हातात घेऊन बसून राहिली. मग एकदम म्हणाली,

"दोन्ही फळ्या येगयेगळ्या कशाला मापायच्या? एक कापू, ती दुसरीवर ठिवू आन् तिच्याच कडंनं आखू. म्या चोळीची दुसरी बाही अशीच कापते."

नाथा पुन्हा खाली बसला. एक फळी कापून त्यानं दुसरीवर ठेवली, तिच्या कडेनं आखलं आणि कापलं. दाते अडकले, ते असे की ओढून सुटेनात! मग मी खणाच्या कडा तासल्या. धोंडीरामांनी एका बोटानं खण आत ढकलला, बाहेर ओढला, पुन्हा ढकलला. लहान मुलासारखे किती तरी वेळ ते तेच करत होते. दुकानाचं काम आम्हाला मिळालं आणि नाथाची पाठ वाचली.

आता टीव्हीवर तयार फर्निचरच्या जाहिराती असतात. ते बनतं कसं, हे कुणी दाखवत नाही. पण रविवारी आमच्या शेडमध्ये गावातली मुलं-मुली शिकायला येतात. मित्रांनो, तुम्हीही या. माझ्या पात्याला तेल लावा, मला ओलीत टाकू नका, पण कौतुक करून कपाटातही ठेवू नका. आलेली पोरं भिंतीला टेकून बघत राहतात. मग कुसाबाई मला उचलते आणि समोरच्या पोरीच्या हातात देते.

"नुसतं बघून काय व्हतंय?" ती म्हणते. "धर."