बारा घरांची संमती

एकतीस मार्चला दुपारी साडेतीन वाजता, रत्नागिरीच्या सरकारी कचेरीत, टेबलापलीकडच्या बाईंनी आमची फाईल परत माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "गुरुजी, एक सही कमी आहे."

"बारा आहेत," मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. उभा जन्म पोरांची गणितं तपासण्यात गेला, मला मोजायला काय शिकवता?

"सह्या बाराच आहेत हो. पण धनावड्यांच्या दोन्ही भावांनी सही केलीय आणि सातबाऱ्यावर मोठ्याचंच नाव आहे. आणि हे बघा, संदेश काशीराम मांडवकर. यांची सहीच नाही."

मी फाईल ओढून घेतली आणि नावांवरून बोट फिरवलं. खरंच नव्हती.

पाच वाजता दप्तर बंद होणार आणि वाचनालयासाठी मंजूर झालेला निधी परत जाणार होता. पुढच्या वर्षी मिळेल असं कुणी म्हणत नव्हतं. शाळेतली आमची जुनी खोली धोकादायक ठरवून पाडली, तेव्हापासून तीन हजार पुस्तकं अभयच्या गोठ्यात गोण्यांत पडून होती. अभय म्हणजे आमच्या वाचनालयाचा चिटणीस, एरवी हातखंब्याला रिक्षा चालवतो. गेल्या पावसात अर्ध्या गोण्यांना वाळवी लागली. अजून एक पावसाळा त्यातलं काही शिल्लक ठेवणार नव्हता.

आणि नुसत्या पुस्तकांचा प्रश्न नव्हता. देवळाच्या सभामंडपात बौद्धवाडीतले लोक येऊन बसत नाहीत आणि त्यांच्या विहारात आमचे लोक जात नाहीत. सगळा गाव एकत्र टेकेल अशी एकही जागा आमच्याकडे नाही. म्हणून नकाशात मी हट्टाने लांबच्या लांब पडवी काढून घेतली होती. कुणीही यावं, बसावं, वर्तमानपत्र उघडावं. ठराव लिहिताना 'गावातील प्रत्येक घरासाठी' हे शब्द मी स्वतः घातले. त्याचा मला गर्वच होता.

जागा मिळाली ती वरच्या कातळावर. पूर्वी गुरं चरायला बारा वेगवेगळ्या घरांनी मिळून घेतलेली, म्हणून बाराही मालकांची लेखी संमती हवी. बारापैकी नऊ घरांतले कर्ते पुरुष मुंबईला. त्यांना गाठायचं कसं? तर शिमग्यात! ग्रामदेवीची पालखी घरोघर येते तेव्हा कर्ता माणूस दारात हजर असतोच. मी पालखीबरोबर निघालो. गुरवाकडून यंदाच्या घरांची यादी उतरून घेतली, तिच्यात कातळाच्या मालकांपुढे खुणा केल्या आणि देवी पुढच्या घराकडे वळली की मागे राहून सही घेत गेलो. माझ्या या युक्तीचं गावभर कौतुक झालं.

संदेशचं घर त्या यादीत नव्हतंच. होळीच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई, सुंदराबाई, वारली. घराला सुतक. सुतकाच्या घरी पालखी जात नाही आणि पालखीबरोबरचा माणूसही त्या घराची पायरी चढत नाही. मीही नाही चढलो. ही यादी देवीची आहे, सातबाऱ्याची नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. बारा सह्या भरल्या आणि मी खूश झालो. तेरावं उरकून संदेश बोटीवर रुजू झाला. आता तो कुठल्या समुद्रात होता देव जाणे.

"बाई, फोनवर संमती चालेल? फोटो पाठवला तर?"

"शाईची सही लागते, गुरुजी. मी तरी काय करू?" त्या खरंच हळहळल्या.

अभयने मला बाहेर जिन्यापाशी ओढलं. "तुमीच मारा सही. कोन बघतंय? संदेश काय नाय म्हननार नाय."

मी त्याच्यावर खेकसलो. पण खरं सांगायचं तर, तो बोलायच्या आधीच माझ्या मनात ते येऊन गेलं होतं. संदेशला पाटीवर अक्षर मीच गिरवायला शिकवलं. त्याचा तो लांब शेपटीचा 'श' मला डोळे मिटूनही काढता आला असता.

"निदान विचारून तरी घेऊ," मी म्हणालो. पावणेपाचला पाचव्यांदा फोन लावला तेव्हा लागला. मागे इंजिनाची घरघर होती. मी एका दमात सगळं सांगितलं. शेवटी अक्षरशः गयावया केली. "संदेश, फक्त हो म्हण. वाचनालय जाईल रे हातचं."

इंजिनाची घरघर मागे पडली; तो फोन घेऊन बाजूला आला असावा.

"गुरुजी, मी दारातच बसलेलो," तो म्हणाला. "पालखी खालच्या पाणंदीतून गेली तवा. तुमच्या हातात कागद दिसत व्हता. मना वाटला, देवी नाय येयाची, पन तुमी याल. आज नाय तर उद्या. बारा दिवस वाट बगितली."

"सुतक होतं रे..."

"देवीला व्हता. वाचनालयाला पन सुतक लागता काय?"

मी अभयकडे पाठ केली.

"आयेला तुमीच सई करायला शिकवलेत. ती गेली तर भेटायला पन नाय आलात," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आता सई हवी तर मारा. मी कुनाला सांगनार नाय."

फोन बंद झाला. अभय डोळे मोठे करून बघत होता. "हो म्हनला ना? चला, चला लवकर!"

आत गेलो. बाईंनी फाईल उघडून दिली आणि मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं. संदेशच्या नावापुढची जागा कोरी होती. मी पेनाचं टोपण काढलं. गोण्या डोळ्यांपुढे आल्या, कातळावरची पडवी आली, अभयचा घामेजलेला चेहरा तर शेजारीच होता. पेनाचं टोक त्या कोऱ्या जागेवर नेलं.

"गुरुजी, पाचला पाच कमी," बाई न वळता म्हणाल्या. "झालं का?"

"नाही," मी पेनाला टोपण लावत म्हणालो. "एक घर राहिलं. माझ्याकडूनच राहिलं."